भिंत डूख धरते

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या बेडरूमच्या खिडकीचा फोटो आला. खाली ओळ : ‘इमारतीच्या दर्शनी भागाला हे शोभतं का? सर्वांनी विचार करावा.’ सर्वांनी विचार केला आणि अकरा अंगठे आले. फोटोत हिरवी शेडनेट, म्हणजे ऊन अडवायची जाळी, तिच्यामागे ग्रिलमध्ये अर्धा बाहेर आलेला मी, दातांत तारेचा तुकडा. दुसऱ्याचे नारळ पाडताना सापडलेल्या माणसाचा काढावा, तसा फोटो.

कोणी काढला ते कोनावरूनच कळलं. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या शेवग्याखाली अर्धा तास उभं राहून मला वर सूचना देणारा इसम एकच होता. त्यांच्याकडे येतोच.

गोव्यातलं पर्वरीचं पठार, तिसरा म्हणजे शेवटचा मजला, झोपायची खोली थेट पश्चिमेला. मे महिन्यात रात्री दहाला बाहेर २८ अंश आणि आत ३३. ‘तुम्हाला काय बुवा, समुद्र आहे’ असं म्हणणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांना मी मुद्दाम याच खोलीत झोपवतो. सकाळी ते समुद्राचं नाव काढत नाहीत.

खिडकीवर दीड फुटाचा छज्जा आहे. छज्जा दुपारचं, वरून येणारं ऊन अडवतो. पश्चिमेचं ऊन वरून येत नाही, वसुलीला आल्यासारखं समोरून येतं. मेमध्ये साडेचार वाजता सूर्य क्षितिजापासून बत्तीस-तेहतीस अंशांवर असतो. तेव्हा त्या छज्ज्याची सावली काचेवर जेमतेम फूटभर उतरते, साडेपाचला सहा इंच. खिडकी चार फूट उंच. म्हणजे छज्जा नेमका त्याच वेळी रजेवर जातो, ज्या वेळी त्याचं काम असतं. चार बाय चारच्या काचेतून स्वच्छ दिवशी सहाशे-सातशे वॉट सहज आत येतात. दुपारी तीन ते सहा एक इस्त्री चालू करून गादीवर ठेवा, फरक पडणार नाही. गादी जळत नाही एवढंच.

म्हणून जाळी. आता शेवग्याखालचे गृहस्थ.

ते निवृत्त आहेत, तळमजल्यावर राहतात, त्यांची खोली पूर्वेला आणि खिडकीसमोर भलामोठा फणस. मे महिन्यात पहाटे अंगावर चादर ओढून घ्यावी लागते, असं ते अभिमानाने सांगतात. उकाड्यावर मत द्यायला याहून वाईट पात्रता शोधून सापडणार नाही.

“कितें रे करता?” खालून हाक आली.

“जाळी बांधतोय, बाब.”

“डास?”

“ऊन!”

“मग आतून पडदा लाव ना मरे. जाड.”

तीन मजले खाली जाईल अशा आवाजात मी सांगितलं की आतला पडदा म्हणजे चोर घरात शिरल्यावर दाराला कडी. ऊन काचेतून आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला. आता तो तापलेला पडदा खोलीतच आहे. काच आणि पडदा यांच्या फटीतली हवा गरम होऊन वरून खोलीत उतरते. पडद्याने उजेड जातो, थोडी धग कमी होते, बाकी रात्री मिळते.

ते विचारात पडले. तेवढ्यात पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवरून पों पों करत आला आणि पाव द्यायचे सोडून वर बघत उभा राहिला.

“पण आयक,” बाब म्हणाले, “आत आलेलं ऊन बाहेर पण जाईल ना? काच दोन्ही बाजूंनी काचच.”

हे वाक्य मला आवडलं, हे कबूल करतो. तरी मी ओरडलो, “आत येताना ते ऊन असतं, बाहेर जाताना उष्णता असते. काच उन्हाला सोडते, उष्णतेला सोडत नाही!”

“ओळखते कशी? आधार कार्ड बघते?”

पोदेर हसला. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे काढायला आलेल्या काकी थांबल्या. मी दातांतली तार काढून लहान लहरी आणि लांब लहरी असं काहीतरी सुरू केलं आणि मधेच सोडून दिलं. ग्रिलला लटकून भौतिकशास्त्र शिकवता येत नाही.

“बरं, ती जाळी काचेला चिकटवून लाव. लोंबते ती बरी दिसत नाही.”

“लांबच हवी, बाब. सहा इंच तरी. जाळी स्वतः तापते. चिकटवली तर काचेला शेकत बसेल.”

“मग मधून वारा जाणार.”

“जायलाच हवा!”

“आणि पावसात?”

“जूनच्या आधी काढणार.”

“काढणारच, तर लावतोस कशाला?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. या न्यायाने माणसाने आंघोळही करू नये.

“आमच्या गावच्या घरात कधी उकडलंच नाही,” ते पोदेराला म्हणाले, पण आवाज माझ्यासाठी होता. मग मला, “जरा इकडे बघ रे.” मी बघितलं.

गावच्या घराबद्दल त्यांचं खरं आहे, म्हणून जास्त राग येतो. चिऱ्याच्या हात-हात जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, मधे राजांगण म्हणजे आतलं उघडं अंगण, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. उजेड गाळून आत, झळ बाहेर. कौलारू छप्पर तापट असतं पण विसराळू. दुपारी भडकतं, संध्याकाळी सगळं विसरतं, आणि कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. स्लॅब तसा नाही. स्लॅब डूख धरतो. एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला साडेबाराच्या सुमारास गोव्यात सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तेव्हाचा हिशेब स्लॅब संध्याकाळी चुकता करतो. त्याचा संपत आला की पश्चिमेच्या भिंतीची पाळी. नऊ इंची भिंतीने दोन ते सहा खाल्लेलं ऊन आतल्या बाजूला नऊ ते अकराच्या दरम्यान पोचतं, म्हणजे नेमकं आपण आडवे होतो तेव्हा. दहा वाजता आतून भिंतीला तळवा लावून बघा. ताप आलेल्या पोराचं कपाळ लागेल.

गच्चीला चुना द्यायला मी दोन वर्षं सांगतोय. विरवलेला चुना, थोडा डिंक, आधी स्लॅब ओला करायचा, मग संध्याकाळी दोन हात. खर्च फारसा नाही. पावसात धुपतो, शेवाळ चढलं की काळा पडतो, म्हणून दरवर्षी शिगमो (आपला शिमगा) झाला की पुन्हा द्यायचा. सभेत उत्तर आलं की पांढऱ्या गच्चीने विमानातून बघणाऱ्यांचे डोळे दिपतील. हे इतिवृत्तात नोंदवलेलं आहे. पत्र्याची शेड त्याहून बरी, स्लॅबवर सावली पडते आणि चारी बाजू उघड्या असल्या तर वारा खेळतो. पण शेडचा विषय निघाला की तिथे मुंज करायची की जिम, यावर सभा संपते.

फोटोनंतर अंगठ्यांच्या पाठोपाठ सल्ले आले. पंख्यासमोर बर्फाची बादली ठेवा, हा पहिला. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता खातो, तेवढी एक टनाचा एसी दीड मिनिटात काढतो. दीड मिनिट. आणि तो बर्फ करताना फ्रिजने त्याहून जास्त उष्णता स्वयंपाकघरात ओतलेली असते, ती वेगळीच. दुसरा, ओली चादर किंवा वाळ्याचा पडदा. नागपूरला जरूर लावा. तिथे ४३ अंशांची कोरडी हवा पाण्यावरून गेली तर बावीस-तेवीसपर्यंत उतरू शकते. आपल्याकडे ३३ अंश आणि हवा आधीच भिजलेली, ती सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली जाऊच शकत नाही. वर चादरीला बुरशी. कूलरचंही तेच. तिसरा सल्ला काचेवर फिल्म. फिल्म वाईट नाही, पण ती काच बंद असतानाच कामाची. पश्चिमेची काच बंद करायची, तर दुपारचा खारा वारा कुठून घ्यायचा? तो तिथूनच येतो.

गोव्यातली गोम हीच आहे. ऊन आणि वारा एकाच खिडकीतून येतात. कोणी पुठ्ठा लावतं, कोणी चांदीचा कागद चिकटवतं. ऊन जातं, वाराही जातो, आणि माणूस पार्सलसारखा आत राहतो. अडवायचं ते काचेच्या बाहेर, आणि अशा वस्तूने की वारा गाळून येईल. जाळी, बांबूच्या काड्यांचा पडदा, पट्ट्यांची लाकडी झडप, फार तर तोंडलीचा वेल. वेलाला एक उन्हाळा वाट बघावी लागते आणि मुंग्या फुकट मिळतात.

जाळी ७५ टक्क्यांची, म्हणजे तेवढं ऊन अडवणारी घ्यावी, शेतीच्या दुकानात मीटरवर मिळते. ९० ची घेतली तर वारा गुदमरतो, ५० ची म्हणजे मनाचं समाधान. कापलेली कड दोनदा दुमडून आत कापडाची पट्टी घालून शिवायची, नाहीतर आठवड्यात तारेच्या जागी फाटते. सुतळी आणि स्वस्त नायलॉन उन्हात कुजतात, म्हणून जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार. ताण चारी बाजूंना सारखा हवा, झोळ राहिला तर रात्रभर फडफड. आमचं ग्रिल पेटीसारखं फूटभर पुढे आलेलं, त्यामुळे बाहेरच्या गजांना बांधली की काचेपासूनचं अंतर आपोआप मिळतं. आणि सगळे चुकतात ती जागा : पेटीची उत्तरेची बाजू. मेमध्ये सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, पंधरा-वीस अंश उत्तरेला सरकून मावळतो. ती बाजू उघडी ठेवलीत तर सहा वाजता उन्हाची एक तिरकी पट्टी उशीवर येऊन बसते.

आत अजून दोन कामं. रात्री बाहेरची हवा आतल्याहून गार झाली की (अंदाज नको, दोन थर्मामीटर ठेवा, एक गॅलरीत) स्टँडचा पंखा खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, तोंड बाहेर करून तासभर लावायचा आणि समोरच्या बाजूची, म्हणजे स्वयंपाकघराची, खिडकी उघडायची. छताचा पंखा हवा गार करत नाही, फक्त घाम वाळवतो. रिकाम्या खोलीत तो चालू ठेवणं म्हणजे खोलीत ७५ वॉटची भर घालणं. आणि पलंग त्या भिंतीपासून हलवा. तिथे लाकडी कपाट ठेवा, पण मागे तीन इंच सोडून, नाहीतर पावसाळ्यात लग्नातला शालू हिरवा निघेल.

एसी आहे. २४ वर लावतो. तरी पहिला दीड तास तो खोली गार करत नाही, भिंतीशी भांडतो. बिल मी भरतो. भिंत बिल्डरने दिलीय, त्याच्या पुस्तिकेत या खोलीला ‘सूर्यास्त दर्शन’ म्हटलं होतं आणि त्याचे चौरस फुटामागे जादा पैसे घेतले होते. त्याच दर्शनी भागावर सहा एसींची धुडं टांगलेली आहेत, त्यांच्या नळ्यांतून पाणी ठिबकून भिंतीवर शेवाळी ओघळ आलेत. गंजलेल्या दोन डिश आहेत. एकाची चड्डी जानेवारीपासून गजाला आहे. यांतलं काहीही ग्रुपवर आलेलं नाही. दर्शनी भाग बिघडवला तो मीच, साडेतीन मीटर जाळीने.

सचिवांचा निकाल मंगळवारी आला : इमारत बदामी आहे, तेव्हा जाळी बदामी असेल तर हरकत नाही. बदामी जाळी दुकानात नाही. पांढरी आहे, ती सभेत ठेवावी लागेल, आणि सभा जुलैत. मी हिरवी उतरवली. त्या रात्री दहाला आत पुन्हा ३३.

बुधवारी सकाळी बेल वाजली. दारात बाब.

“ती जाळी फुकट जाते तर मला दे रे. स्कूटरवर बांधतो. सीट काय तापते, बसवत नाही.”

दिली. तारही दिली. संध्याकाळी वरून बघितलं तर शेवग्याच्या बाहेर, उन्हात, स्कूटर हिरव्या जाळीत गुंडाळलेली. जाळी सीटला अगदी घट्ट चिकटवून बांधलीय, कुठे झोळ नाही. सहा इंच सोडा, असं मी काही खाली ओरडून सांगितलं नाही.