टॉवेल जाड आहे म्हणे

सोलापुरात उभं राहून ड्रायरचा टेक्निशियन मला सांगतो, "सर, तुमचा टॉवेल जाड आहे." अरे इथला टॉवेल जाड नसणार तर काय! 500 रुपये व्हिजिट चार्ज घेऊन हे निदान.

ड्रायर दोन-दोनदा फिरवूनही कपडे दमटच, मशीनचं अंग चटका बसेल इतकं तापलेलं, बाल्कनीत कोंदट वास. म्हणजे हीटर ठणठणीत, दमट हवाच बाहेर जात नाहीये. म्हणून स्टुलावर चढून, पाइपचं बाहेरचं झाकण मशीन चालू असताना उघडतंय का ते बघत होतो, तर खालून आवाज.

"काय करायलास बे?"

टॉवेल कारखान्यातून रिटायर झालेले काका.

"ड्रायरचा पाइप चोक झालाय काका."

"ड्रायर म्हंजे?"

"कपडे वाळवायचं मशीन."

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सूर्याकडे.

"सोलापुरात?"

"हो."

"मे महिन्यात?"

"हो काका."

"अगं ए, भायेर ये लवकर!"

काकू आल्या, वॉचमन आला, इस्त्रीवालाही थांबला. प्रत्येकाला काका नव्यानं सांगत होते, "43 डिग्री हाय, अन् ह्यो करंटवर वाळवायलाय! आमच्या चादरीचं दुसरं टोक दोरीवर टाकस्तोवर पहिलं वाळतंय बे!"

मी काय हौस म्हणून घेतलाय का? पाणी येतं चार-पाच दिवसांनी, त्या दिवशी धुण्याचा डोंगर, बाल्कनीत दोरी एकच, समोर रस्ता खोदून ठेवलाय त्याची धूळ, आणि गच्चीला कुलूप, चावी चेअरमनकडे, चेअरमन पुण्याला मुलाकडे. हे कुणी विचारत नाही.

शेवटी मशीन ओढलं. मागचा चार इंची फॉइलचा पाइप पापडासारखा चपटा, कारण बसवणाऱ्यानं मशीन भिंतीला रेटून ठेवलेलं. वर कबुतरं येऊ नयेत म्हणून त्यानंच बाहेर जाळी ठोकलेली, तिच्यावर कपड्यांच्या धाग्यांचा हा जाड थर, आणि हा थर तापून पेटूही शकतो, ते वेगळंच. जाळी काढली, झाकण राहू दिलं, पत्र्याचा कडक पाइप करून घेतला, तोही तीनऐवजी एकाच वळणाचा, कारण एक काटकोनी वळण म्हणजे हवेला पाचेक फूट जास्तीचा पाइप. आता झाकण फटफट उघडतं, टॉवेल एका फेरीत कोरडा.

काका बघायला आले, हवेसमोर हात धरला.

"गरम हाय की. पण भायेर जास्त हाय."

आणि जाताना जिन्यातून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं, "लाइट बिल किती येतंय बे?"