ते इंजेक्शन आहे कुठे?

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच: "नैसर्गिक कोंबडी वाढायला सहा महिने लागतात, ब्रॉयलर चाळीस दिवसांत दोन किलोची होते. कारण तिला हार्मोनची इंजेक्शनं देतात, सोबतचा व्हिडिओ पाहा. स्टेरॉइडमुळे तिचे पाय वाकडे होतात. ही कोंबडीच नव्हे, लॅबमध्ये जीन बदलून बनवलेला प्राणी आहे. हिच्यामुळेच मुली लवकर वयात येतात. घ्यायचीच तर 'हार्मोन-फ्री' लिहिलेली घ्या." शेवटी हात जोडलेला इमोजी आणि 'दहा जणांना पाठवा'.

लिहिणाऱ्याचे डोळे ठीक आहेत, हे आधी कबूल करतो. चाळीस दिवस खरे, दोन किलो खरे, वाकडे पायही खरेच. चुकलंय ते कारण. आणि कारण चुकलं की राग भलत्याच ठिकाणी निघतो, ज्याच्यावर निघायला हवा तो मजेत सुटतो. म्हणून हा खटाटोप.

"सहा महिन्यांचं काम चाळीस दिवसांत, म्हणजे हार्मोनच."

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने मांसाच्या कोंबड्यांचे दोन जुने वाण, एक १९५७ चा आणि एक १९७८ चा, पुढे कसलीही निवड न करता जसेच्या तसे जपून ठेवलेत. तिथल्या संशोधकांनी या दोन वाणांची पिल्लं आणि २००५ चा रॉस ३०८ हा व्यापारी वाण सोबत वाढवले. तिघांनाही खाद्य एकच. ५६व्या दिवशी वजनं केली. १९५७ चा पक्षी भरला ९०५ ग्रॅम, १९७८ चा १,८०८ ग्रॅम आणि २००५ चा ४,२०२ ग्रॅम. २०१४ साली हे छापून आलं. तिन्ही पक्ष्यांचे शेजारी-शेजारी ठेवलेले फोटोही आहेत. त्यातल्या शेवटच्याची छाती बघितली की पहिला त्याचा पणजोबा आहे यावर विश्वास बसत नाही.

खाद्य सुधारलं म्हणून फरक पडला असेल, ही शंका रास्त आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये तीही तपासून झाली, निष्कर्ष २००३ साली आले. जुना वाण आणि २००१ चा वाण घेतले, आणि दोघांनाही १९५७ च्या धर्तीचं आणि २००१ च्या धर्तीचं असं दोन्ही खाद्य देऊन पाहिलं. वाढीतल्या फरकाचा ८५ ते ९० टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला, उरलेला खाद्याचा. नव्या कोंबडीला जुनं खाद्य घातलं तरी ती भराभर वाढते. जुन्या कोंबडीला नवं खाद्य घाला, ती आपल्या गतीनेच चालते.

हे घडलं कसं? १९४६ ते १९४८ या काळात अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' नावाची स्पर्धा भरली होती. एक किराणा साखळी आणि सरकारी कृषी खातं यांनी मिळून ती घेतली. गंमत अशी, की स्पर्धकांनी कोंबडी पाठवायची नव्हती, अंडी पाठवायची होती. ती एकाच ठिकाणी उबवली, पिल्लं एकाच पद्धतीने वाढवली, मग मापं काढली. म्हणजे खाऊ-पिऊ घालण्याचं कसब वजा करून उरतं ते नेमकं मोजलं: अंड्यात काय आहे? १९४८ ची राष्ट्रीय फेरी कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांच्या संकराने जिंकली. हे आडनाव आजही जगातल्या एका बड्या पैदास कंपनीच्या नावात आहे.

तिथून पुढे काम एकच: प्रत्येक पिढीतले सर्वांत वेगाने वाढणारे मूठभर पक्षी ठेवायचे, बाकीचे बाद. कोंबडीची पिढी वर्षाच्या आत पालटते आणि एका मादीला वर्षात शंभरावर पिल्लं होतात, त्यामुळे गाय-म्हशीत ज्याला शतक लागेल ते इथे काही दशकांत उरकतं. आता निवडीला वजनकाटा पुरत नाही. हाडांचे एक्स-रे, छातीच्या मांसाचं स्कॅनिंग, रक्तातला ऑक्सिजन, डीएनएची चाचणी, सगळं आलं. वंशावळीच्या टोकाला बसलेल्या एका नराची निवड चार-पाच वर्षांत खाली झिरपत लाखो ब्रॉयलरांपर्यंत पोचते. या शिडीला पैदास करणारे पिरॅमिड म्हणतात, आणि जगभरात त्याच्या टोकाला जेमतेम दोन-तीन कंपन्या आहेत.

आणि सहा महिने ही 'कोंबडीची नैसर्गिक गती' हेही खरं नव्हे. ती फक्त वजनासाठी कधीच न निवडलेल्या कोंबडीची गती आहे. अंड्यांसाठी निवडलेल्या लेअर वाणाचा नर त्याच चाळीस दिवसांत अर्ध्या किलोच्या आसपास घुटमळतो. म्हणून तर तो मांसाच्या धंद्यात कुणाला नको असतो आणि बहुतेक देशांत पहिल्याच दिवशी मारला जातो. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली. इंजेक्शनने कोंबडी फुगत असती, तर त्या कोट्यवधी पिल्लांना कुणी फेकलं असतं का?

"व्हिडिओ पाहा."

पाहिला. त्यात पिवळी पिल्लं आहेत, एक माणूस किंवा यंत्र त्यांच्या मानेला सुई टोचतंय, आणि मागे घाबरवणारं संगीत. ही हॅचरी आहे, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायची जागा, आणि ती सुई लशीची आहे, बहुतेक वेळा मरेक्स या विषाणूजन्य रोगाची. या रोगात पक्ष्याला लकवा होतो, गाठी होतात. लस मानेच्या कातडीखाली, जन्माच्या पहिल्या दिवशी, एकदाच. मोठ्या हॅचरीत तर पिल्लू बाहेर येण्याचीही वाट पाहत नाहीत. उबवणीच्या अठराव्या दिवसाच्या सुमारास यंत्र अंड्याच्या बोथट टोकाला बारीक भोक पाडून लस आत सोडतं, तासाला हजारो अंडी.

आता त्या रोजच्या इंजेक्शनचा हिशोब करू. वाढीचं हार्मोन हे प्रथिन आहे. खाद्यात मिसळलं तर इतर प्रथिनांसारखं पचून जाईल, म्हणजे टोचणं आलं, तेही पुन्हा पुन्हा. एका शेडमध्ये २०,००० पक्षी धरा. पकडणं, टोचणं, सोडणं, प्रत्येकी दहा सेकंद. एक फेरी व्हायला साडेपंचावन्न तास लागतात. दिवसात तास चोवीस. शिवाय माणूस शेडमध्ये धावपळ करत शिरला की पक्षी कोपऱ्यात एकमेकांवर चढतात, गुदमरतात, मरतूक वाढते. किलोमागे तुटपुंजी कमाई असलेल्या धंद्यात हे कुणी करणार नाही. आणि एवढं करूनही उपयोग? कोंबडीला तिचंच वाढीचं हार्मोन बाहेरून देऊन पाहिलेलं आहे. फारसं काही हाती लागलं नाही.

मग ही अफवा आली कुठून? इथे मेसेजवाल्याच्या बाजूने दोन शब्द. १९४७ पासून अमेरिकेत डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, या कृत्रिम स्त्री-हार्मोनची गोळी नरांच्या मानेत, कातडीखाली खरोखरच बसवत. नर खच्ची केल्यासारखा शांत, मऊ आणि चरबीदार व्हायचा. मांसात अंश सापडले म्हणून १९५९ मध्ये कोंबड्यांतला हा वापर थांबला. गरोदरपणी औषध म्हणून हेच डीईएस घेतलेल्या आयांच्या मुलींमध्ये दुर्मीळ कर्करोग आढळल्याचं १९७१ मध्ये पुढे आलं. म्हणजे भीती हवेतून पडलेली नाही, फक्त तिची मुदत कधीच संपली आहे. अमेरिकेत मांसाच्या गुरांच्या कानामागे हार्मोनची गोळी आजही कायदेशीरपणे बसवतात, युरोपीय संघाने ती १९८० च्या दशकातच बंद केली. दूध वाढवायचं बीएसटी इंजेक्शन अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झालं, कॅनडा आणि युरोपने नाकारलं. हार्मोनवर रागवायचंच असेल तर तो प्राणी चार पायांचा आहे.

आणि रसायनच हुडकायचं असेल, तर मेसेजमध्ये नसलेला एक शब्द आहे: अँटिबायोटिक. आजार नसतानाही, निव्वळ वजन वाढावं म्हणून खाद्यात थोडंथोडं मिसळायची रीत १९५० च्या सुमारास सुरू झाली. त्यातून औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होतात, आणि ते शेडच्या भिंतीशी थांबत नाहीत. युरोपीय संघाने वाढीसाठीचा हा वापर २००६ मध्ये बंद केला, अनेक देशांत तो अजून सुरू आहे. खरा धोका इथे असताना मेसेज हार्मोनच्या मागे धावतोय, याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

"स्टेरॉइडमुळे पाय वाकडे."

पाय वाकडे होतात, पण स्टेरॉइड नसतानाच. ब्रिटनमध्ये ५१,००० ब्रॉयलरांची चाल तपासली गेली, वय सरासरी चाळीस दिवस. २७.६ टक्के पक्षी नीट चालत नव्हते आणि ३.३ टक्क्यांना जवळपास चालताच येत नव्हतं. २००८ मधला हा अभ्यास. त्याच्याही आधी, २००० साली, ब्रिस्टलच्या संशोधकांनी लंगड्या आणि धडधाकट ब्रॉयलरांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं. एका रंगात वेदनाशामक मिसळलेलं. लंगडे पक्षी त्या रंगाकडे जास्त वळले, आणि लंगडेपणा जितका जास्त तितकं ते औषध त्यांनी जास्त खाल्लं. दुखतंय हे त्यांनी चोचीनेच सांगितलं.

कारण साधं आहे. छातीचं मांस हाडांच्या आणि हृदयाच्या पुढे पळालं. बेचाळिसाव्या दिवशी हातात घेतलेला अडीच किलोचा हा देह चिवचिव करतो, कारण वयाने तो अजून पिल्लूच असतो. कोंबडीचा आवाज यायच्या आतच त्याचं आयुष्य संपतं. कुणाचं हृदय एवढ्या देहाला पुरत नाही आणि पोटात पाणी होतं, कुणाच्या छातीचा स्नायू लाकडासारखा घट्ट होतो. पैदास कंपन्यांनी पाय आणि हृदय हेही निवडीत धरायला सुरुवात केली, त्याने काही अंशी सुधारणा झालीही. पण गती तशीच ठेवून.

याहून बोलका पुरावा ब्रॉयलरच्या आईकडे आहे, आणि तिचा कुठल्याच मेसेजमध्ये पत्ता नसतो. तिच्या अंगात तीच भूक, तीच वाढ. पण तिला चाळीस दिवस नव्हे, वर्षभराहून जास्त जगून अंडी द्यायची असतात. पोटभर खाऊ घातलं तर ती इतकी लठ्ठ होते की अंडी घटतात, आजार लागतात, मरते. म्हणून वाढीच्या महिन्यांत तिला भुकेपेक्षा निम्म्याहूनही कमी खाद्य देतात. काही ठिकाणी एक दिवस खाद्य, एक दिवस उपास. खाद्य पडलं की काही मिनिटांत फस्त, आणि उरलेला दिवस ती रिकाम्या भांड्यावर चोच आपटत राहते. पोटभर खाल्लं तर मरेल आणि न खाल्लं तर उपाशी, असा जीव घडवायला एक थेंबही हार्मोन लागलं नाही.

"लॅबमध्ये जीन बदलून बनवलेला प्राणी."

नाही. जीन बदललेली कोंबडी आहे, पण ती अंड्याच्या पांढऱ्यात एका दुर्मीळ आजारावरचं औषध तयार करते. तिला २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ती खाण्यासाठी नाही. त्याच वर्षी खाण्यासाठी मान्यता मिळालेला पहिला जीन-बदललेला प्राणी होता एक सॅमन मासा. बाजारात मिळणारी ब्रॉयलर ही निवड आणि संकर यांचीच पैदास आहे. पण याने कुणी निर्धास्त होऊ नये. प्रयोगशाळेत एक जीन बदलली की परवानग्या, सुनावण्या, आंदोलनं. इथे शेकडो जीन्सचं पारडं सत्तर वर्षं एकाच बाजूला झुकवलं, आणि 'पारंपरिक पैदास' या सोज्वळ नावाखाली कुणी काही विचारलं नाही. बेल्जियन ब्लू या गायीच्या जातीत स्नायूंना आवर घालणारी जीन आपसूक बिघडली होती. माणसाने तो बिघाडच जपला, आणि आज त्या जातीची बहुतेक वासरं पोट फाडून काढावी लागतात. सगळं नैसर्गिक!

"मुली लवकर वयात येतात."

युरोपात पाळी सुरू होण्याचं सरासरी वय १९व्या शतकाच्या मध्याला सोळा-सतराच्या आसपास होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते तेराच्या जवळ आलं. म्हणजे मोठी घसरण ब्रॉयलर घरोघरी पोचायच्या आधीच होऊन गेली. चांगलं पोषण, कमी झालेले आजार ही तिची कारणं, आणि हल्लीच्या काळात त्यात मुलांमधल्या लठ्ठपणाची भर. यापेक्षा जास्त वेळ या मुद्द्याला देत नाही.

"हार्मोन-फ्री लिहिलेली घ्या."

अमेरिकेत कोंबडीच्या वेष्टनावर हे लिहायचं तर शेजारी 'कोंबड्यांत हार्मोन वापरण्यास कायद्याने बंदी आहे' असंही छापावं लागतं. म्हणजे हे लेबल 'सुईविरहित सफरचंद' म्हटल्यासारखं आहे: खरं, आणि निरुपयोगी. आत पक्षी तोच, चाळीस दिवसांचा, त्याच वाणाचा. आई तीच, रिकाम्या भांड्यावर चोच आपटणारी.

विचारायचंच तर दोन गोष्टी विचारा: वाण कुठला आणि किती दिवसांचा? नेदरलँड्समधल्या सुपरमार्केटांनी गेल्या काही वर्षांत ताज्या चिकनसाठी सावकाश वाढणारे वाण घ्यायला सुरुवात केली. तिथल्या 'बेटर लेव्हन' या प्राणिकल्याण चिन्हासाठी पक्षी किमान ५६ दिवसांचा हवा. त्याला खाद्य जास्त लागतं, जागा जास्त लागते, किलोमागे खर्च वाढतो, तेव्हा हे फुकटात होत नाही. पण पक्षी चालतो, उडी मारून मचाणावर बसतो, मरतूक आणि औषधं कमी लागतात. हे करताना तिथे कुणाला कुठलंही इंजेक्शन बंद करावं लागलं नाही. फक्त हॅचरीतून वेगळी अंडी मागवावी लागली.