ग्रहण बघायचं नाही म्हणजे नाही

१४ ऑक्टोबर २०२३ च्या कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा थेट अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या नवाहो या मूळनिवासी लोकांच्या प्रदेशावरून गेला. खाली मॉन्युमेंट व्हॅलीचे लाल सुळके आणि वर सूर्याची अंगठी. फोटोवाल्यांना याहून मोठी पर्वणी कुठली? नेमकं त्याच वेळी नवाहो नेशनने, म्हणजे नवाहोंच्या स्वतःच्या सरकारने, तिथलं पार्क बंद ठेवलं. परंपरा पाळणारी नवाहो माणसं ग्रहणात घरात बसतात. खात नाहीत, पीत नाहीत, झोपत नाहीत आणि वर तर बघतच नाहीत. सूर्य त्या वेळी मरून पुन्हा जन्म घेत असतो, तेव्हा टक लावून बघणं हा उद्धटपणा.

आमच्या फिनिक्समधल्या एका मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावर दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया आल्या. काही जण म्हणाले, एकविसाव्या शतकात हे काय! (सून गरोदर असली की ग्रहणात विळी-सुरी लपवून ठेवणारी मंडळीही यात होती.) बाकीच्यांचं म्हणणं, ग्रहणाची एनर्जी फार पॉवरफुल असते, 'नेटिव्ह' लोकांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं, तेव्हा बाहेर बसून ध्यान करा. मला राग आला तो या दुसऱ्यांचा. पहिल्यांनी निदान नवाहो काय म्हणतात ते ऐकून नाकारलं तरी. दुसऱ्यांनी त्यांच्याच नावावर बरोब्बर उलटं खपवलं.

नवाहो शिकवणुकीतून 'हे करायचं नाही' तेवढं वगळलं की उरेल ते काहीही असो, नवाहो नसतं. कोयोटीच्या (कोल्ह्यासारख्या रानकुत्र्याच्या) गोष्टी हिवाळ्यातच सांगायच्या, आभाळात पहिला गडगडाट झाला की बंद. होगनचं, म्हणजे पारंपरिक नवाहो घराचं, दार पूर्वेलाच. सगळी शिकवण चार पर्वतांच्या आतली: पूर्वेला ब्लांका, दक्षिणेला माउंट टेलर, पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्को पीक्स, उत्तरेला हेस्परस. घरबसल्या ऑनलाइन कोर्समध्ये हे कसं बसवणार?

वाळूचित्राचंच बघा. हताली, म्हणजे विधी गाणारा जाणकार, होगनच्या जमिनीवर अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून रंगीत पूड सोडत जातो. मदतनीस असले तरी मोठ्या चित्राला तासन् तास लागतात. मग आजारी माणसाला त्या चित्रावर बसवतात, देवतांच्या आकृतींवरची वाळू त्याच्या अंगाला लावतात. चित्र मोडतं, मोडायचंच असतं. वाळू गोळा करून बाहेर नेऊन टाकतात. चित्र त्या रोग्यासाठी, त्या दिवसापुरतं. दुकानात फळीवर चिकटवलेलं जे मिळतं, त्यात मुद्दाम काहीतरी बदललेलं असतं, म्हणजे ते 'खरं' राहत नाही.

पण हे सोवळं एकसुरी आहे असंही नाही. होस्टीन क्ला (१८६७–१९३७) हा स्वतः नामवंत हताली. त्याने वाळूचित्रं गालिच्यांत विणली. लोक धास्तावले, याचं काही बरं होणार नाही म्हणाले. तो विणत राहिला, कारण आपल्यामागे हे ज्ञान बुडेल ही त्याची भीती. त्याच्या आणि मेरी व्हीलराइट या श्रीमंत गोऱ्या बाईंच्या पुढाकाराने १९३७ मध्ये सांता फे इथे संग्रहालय उभं राहिलं. पुढे १९७७ मध्ये त्याच संग्रहालयाने विधींच्या पवित्र पोटल्या नवाहोंना परत केल्या. वाद होता, पण घरातला होता. पेयोटी हा नशा आणणारा निवडुंग विधीत घेणाऱ्या पंथाचंही तेच. नवाहो कौन्सिलने १९४० मध्ये त्यावर बंदी घातली आणि १९६७ मध्ये उठवली. आज एकाच कुटुंबात एक भाऊ चर्चला जातो, दुसरा पेयोटीच्या बैठकीला, आणि आई आजारी पडली की दोघं मिळून हतालीला बोलावतात. शिवाय तो फुकट येत नाही. मोबदला हा विधीचाच भाग. तेव्हा 'पवित्र गोष्टीचे पैसे घेतात' ही माझी तक्रार नाहीच.

तक्रार सेडोनाबद्दल आहे. फिनिक्सहून दोन तासांवर. तिथे 'व्होर्टेक्स', म्हणजे खास ऊर्जेच्या म्हणवल्या जाणाऱ्या जागा, बघायला जगभरातून लोक येतात. ही भूमी मुळात यावापाई आणि अपाची लोकांची. दुकानात एका फळीवर ओजिब्वे या दुसऱ्याच जमातीचे ड्रीमकॅचर (झोपायच्या जागी टांगायच्या जाळीच्या कड्या), नवाहो म्हणून विकलेलं काहीबाही आणि आपली सात चक्रं सात रंगांच्या खड्यांत. आपलं दिसलं की आपण खूश होऊन फोटो काढतो, हे आणखी वर. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे एका सेल्फ-हेल्प गुरूने माणशी नऊ-दहा हजार डॉलर घेऊन पन्नासेक लोकांना एका तंबूत कोंबून 'स्वेट लॉज', म्हणजे तापलेल्या दगडांच्या वाफेत घाम काढायचा विधी, केला. तीन माणसं मेली. २०११ मध्ये तो दोषी ठरला. नवाहोंचं घाम काढायचं घर मातीने लिंपलेलं, मोजकी माणसं मावतील एवढंच असतं. पन्नास माणसं हा विचारच तिथे संभवत नाही.

याच्या मुळाशी एक समजूत आहे: धर्म म्हणजे मनातली भावना, जागेशी त्याचा काय संबंध? हीच समजूत कोर्टातही भेटते. सॅन फ्रान्सिस्को पीक्सवर, म्हणजे त्या पश्चिमेच्या पवित्र पर्वतावर, स्नोबोल नावाचं स्की रिसॉर्ट आहे. तिथे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा कृत्रिम बर्फ करायला नवाहो नेशन आणि इतर जमातींनी विरोध केला. औषधी वनस्पती तिथून आणतात, पर्वत जिवंत आहे, असं त्यांचं म्हणणं. २००८ मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) फेडरल अपील कोर्टाने बहुमताने सांगितलं की बाधा येते ती फार तर त्यांच्या आध्यात्मिक अनुभूतीला, धर्मपालनाला नाही. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. न्यायाधीश आणि क्रिस्टलवाला, दोघांनी पर्वत उचलून माणसाच्या डोक्यात नेऊन ठेवला.

चंद्रही नवाहोंना पवित्र. त्याच्या बाबतीत त्यांचं थोडं तरी ऐकलं गेलं. १९९८ मध्ये एका शास्त्रज्ञाच्या अस्थी नासाच्या यानातून चंद्रावर निघाल्या, नवाहोंनी हरकत घेतली, नासाने माफी मागितली. २०२४ च्या जानेवारीत एका खाजगी यानातून पुन्हा अस्थी निघाल्या. पुन्हा हरकत. या वेळी यानच बिघडलं आणि परत येऊन वातावरणात जळून गेलं. (यावर ग्रुपवर 'बघा, शाप!' असं आलंच.)

या हिवाळ्यात मंडळाची बर्फातली सहल ठरते आहे आणि सगळे स्नोबोल म्हणताहेत. मी सनराइज सुचवलं आहे. ते व्हाइट माउंटन अपाची लोकांचं स्वतःचं रिसॉर्ट, स्वतःच्या जमिनीवर. गाडीने चार तास लागतात, स्नोबोलपेक्षा बरेच जास्त, त्यामुळे लहान मुलंवाले कुरकुर करताहेत. ज्यांना चालणार असेल त्यांनी खाली कळवा, गाड्यांचं बघू.