युनो, ईएसपी३२ आणि ८० सेंटीमीटरची उडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रोव्हरचं, म्हणजे स्वतः चालणाऱ्या छोट्या गाडीचं, नेमकं स्थान मोजण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना. तुमचे आक्षेप दोन. मुलांकडे आर्डुइनो युनो (आर३) हा छोटा कंट्रोलर बोर्ड असताना मी त्यांना ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड घ्यायला लावतो, हा पहिला. आणि स्वस्तातल्या निओ-६एम जीपीएसला कालमन फिल्टर (नोंदींमधली थरथर गाळणारं गणित) लावला की सेंटीमीटरपर्यंत पोचता येतं, मग आरटीकेचा (जवळच्या स्थिर रिसीव्हरच्या मदतीने चूक काढणाऱ्या जीपीएसचा) खर्च कशाला, हा दुसरा.

पहिल्यात तुमचं निम्मं बरोबर आहे. ‘युनोवर नेमकं स्थान मिळत नाही’ असं मी सरसकट लिहिलं, ते चुकलंच. लेखात दुरुस्ती केली आहे. पण तसं का लिहिलं, ते सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात मित्राकडून झेडईडी-एफ९पी चिपचा आरटीके संच उसना आणला. मैदानात तिकाटण्यावर बेस, म्हणजे स्थिर रिसीव्हर, आणि रोव्हरवर दुसरा अँटेना. फिक्स, म्हणजे सेंटीमीटरच्या अचूकतेचं स्थान, मिळाल्यावर रोव्हर पूर्वेकडे सोडला, सेकंदाला साधारण ४० सेंटीमीटर वेगाने, नोंदी सेकंदाला ५. लॉग पाहिला तर रेखांश दहा-दहा ओळी जागचा हलत नव्हता, मग एकदम पुढे सरकत होता. दोन संध्याकाळी मी अँटेनाची वायर तपासण्यात घालवल्या. दोष कोडमध्ये होता. युनोवर ‘डबल’ (दशांश संख्येचा मोठा प्रकार) लिहिलं तरी तो ४ बाइटांचा फ्लोट (छोटा प्रकार) असतो आणि त्यात जेमतेम सात अंक मावतात. पुण्याजवळ रेखांश ७३ च्या पुढे. तिथे लगतच्या दोन फ्लोट संख्यांमधलं अंतर ०.०००००७६ अंश, म्हणजे जमिनीवर सुमारे ८० सेंटीमीटर! अक्षांश १८ च्या घरातला, म्हणून तिथे हेच अंतर २१ सेंटीमीटर. पाच आकडी किमतीचा रिसीव्हर जे मोजत होता, ते मी चार बाइटांत घालवत होतो.

उपाय फुकटचा आहे. अंशांना १ कोटीने गुणलेला पूर्णांक ‘लाँग’मध्ये (४ बाइटांच्या पूर्णांक प्रकारात) ठेवायचा; एक एकक म्हणजे साधारण १ सेंटीमीटर. हा रिसीव्हर त्याच्या बायनरी संदेशात आकडा तसाच देतो. हे युनोवरही चालतं.

तरीही नव्याने बोर्ड घेणाऱ्याला मी ईएसपी३२च सांगेन. युनोत रॅम २ केबी आणि सिरीयल पोर्ट एकच, तोही यूएसबीबरोबर वाटून घ्यायचा. आरटीकेला बेसकडून दुरुस्तीचा डेटा सतत लागतो; तो ईएसपी३२ वायफायवरून स्वतः घेतो, आणि हा बोर्ड अस्सल युनोपेक्षा स्वस्तही पडतो. एकच जपा : त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरची एको पिन ५ व्होल्टची असते, ती थेट जोडू नका. मध्ये व्होल्टेज कमी करणारा दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर घाला.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. निओ-६एमच्या माहितीपत्रकातले २.५ मीटर म्हणजे निम्म्या नोंदी तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात, उरलेल्या निम्म्या बाहेर. शिवाय ही चूक दर सेकंदाला इकडेतिकडे उडत नाही. आयनांबरातून येताना सिग्नलला होणारा उशीर हळूहळू बदलतो, त्यामुळे लागोपाठच्या शंभर नोंदी एकाच बाजूला सरकलेल्या असू शकतात. कालमन फिल्टर थरथर छान घालवतो, पण सगळ्याच नोंदी दीड मीटर पूर्वेला असतील तर त्याला ते कळणार कसं? आरटीकेत बेसलाही जवळपास तीच चूक दिसते, म्हणून ती वजा करता येते.

आरटीके सगळ्यांनीच घ्यावं असं मी म्हणत नाही. अंगणात दहा मीटर फिरणाऱ्या रोव्हरला चाकांचे फेरे मोजणारे एन्कोडर आणि वळण मोजणारा जायरो पुरतात; विद्यार्थ्यांनी तिथूनच सुरुवात करावी, त्यांच्या पैशांची मला तुमच्याइतकीच काळजी आहे. पण कांद्याच्या दोन ओळींमधून रोव्हर न्यायचा असेल तर अडीच मीटरवाल्या जीपीएसच्या भरवशावर तो सोडू नका. रोप चाकाखाली जाईल.

तुमचा रोव्हर गच्चीवर एका जागी ठेवून तासभराचा लॉग घ्या, फिल्टर लावून आणि न लावता. दोन्ही फायली पाठवल्यात तर मी लेखाखाली आलेखासह टाकतो.