पीटरसनने ऐकलं हे खरं, पण पुढचं?

जॅझ पियानिस्ट तोशिको आकियोशींची एक गोष्ट सारखी फिरत असते. डान्स हॉलमध्ये पियानो वाजवणारी जपानी पोर एका रात्री नामवंत जॅझ पियानिस्ट ऑस्कर पीटरसनच्या कानावर पडते, तो तिला अमेरिकेला नेतो, तिथे लोक तिला डोक्यावर घेतात आणि पुढे ती अमेरिकन नवऱ्याच्या बँडमध्ये पियानो वाजवते. गोष्ट गोड आहे, पण जागोजागी उसवलेली.

'पोर' म्हणाल, तर जन्म १९२९चा, चीनमधल्या मांचुरियातला. युद्ध संपल्यावर कुटुंब जपानला परतलं आणि बाई बेप्पूच्या डान्स हॉलमध्ये कामाला लागल्या. पीटरसनने टोकियोत ऐकलं तेव्हा त्या होतकरू मुलगी राहिल्या नव्हत्या, चांगल्या मुरलेल्या वादक होत्या. त्याने अमेरिकेला नेलं, हेही खोटं. त्याने निर्माता नॉर्मन ग्रँझकडे शब्द टाकला, १९५३ मध्ये रेकॉर्डिंग झालं. बाई बोस्टनला गेल्या त्या १९५६ मध्ये, तिथल्या बर्कली संगीत महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळवून.

अमेरिकेने डोक्यावर घेतलं? किमोनो घालून पियानोवर बसलेली जपानी बाई बघायला गर्दी व्हायची, यात शंका नाही. पण ते कौतुक बरंचसं नवलाईचं होतं, आणि हे खुद्द बाईंनीच नंतर बोलून दाखवलंय. बिग बँडसाठी, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदासाठी, लिहिलेली स्वतःची रचना न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये ऐकवायची म्हणून १९६७ मध्ये त्यांनी पदरचे पैसे घातले. अकरा वर्षांनी! डोक्यावर घेतलेल्या कलाकाराला खिसा चाचपावा लागत नाही.

सगळ्यात खटकतं ते 'नवऱ्याच्या बँडमध्ये'. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसला उभ्या राहिलेल्या सोळा जणांच्या बँडला दोघांचं नाव होतं. नवरा ल्यू टबॅकिन टेनर सॅक्सोफोन आणि बासरीवरचा मुख्य वादक, मोठाच माणूस. पण संगीत बाईंचं. सॅक्सोफोनवाल्यांच्या हाती बासऱ्या आणि क्लॅरिनेट देऊन पाच फुंकवाद्यांचा एकत्र आवाज उभा करणं, ही त्यांच्या लेखणीची ओळख. त्यांची 'कोगुन' ही रचना ऐका: जपानच्या पारंपरिक नोह नाट्यातल्या त्सुझुमी ढोलाचे ठोके, वादकांच्या त्या लांबवलेल्या हाका, आणि त्यातून वर येणारी बासरी. युद्ध संपलेलं कळूनही विश्वास न ठेवता फिलिपिन्सच्या जंगलात १९७४ पर्यंत तग धरून राहिलेल्या ओनोदा या जपानी सैनिकावरून ती सुचली.

यावर काही जण म्हणतात, हा जपानी मसाला फक्त चवीपुरता. मग 'मिनामाता' काय म्हणून लिहिली? चिस्सो कंपनीने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने एक मासेमारी गाव कसं उद्ध्वस्त झालं, ते तीन भागांत मांडणारी ही रचना. सुरुवातीला बाईंच्या लहान मुलीचा आवाज, आणि मग त्या शांत गावावर चाल करून येणारा पितळी वाद्यांचा लोंढा. चवीपुरतं असं कुणी लिहीत नाही.

'ग्रॅमी कुठे मिळालं?' हाही एक ठरलेला सवाल. नाही मिळालं. नामांकनं चौदा. 'डाउनबीट' या जॅझ मासिकाच्या वाचकांनी मात्र संगीत संयोजक आणि संगीतकार म्हणून त्यांना पहिला क्रमांक दिला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांना नुसतं 'पियानिस्ट' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं. २००३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये शेवटची मैफल करून बाईंनी ऑर्केस्ट्रा मिटवला. कारण काय, तर तीस वर्षं संगीतलेखनापायी मागे पडलेल्या पियानोला आता वेळ द्यायचा होता.