पोहणे वरिष्ठ लेखापाल

काल रात्री साडेनऊ वाजता माझे आडनाव 'अनुभव' झाले. नोकरीच्या एका संकेतस्थळावर मी रेझ्युमे अपलोड केला, 'आम्ही तुमची माहिती आपोआप भरत आहोत, कृपया थांबा' अशी सूचना आली, मी थांबले, आणि भरून आलेल्या फॉर्ममध्ये जी कोणी बाई होती तिची नि माझी साधी तोंडओळखही नव्हती.

त्या रेझ्युमेवर माझे दोन रविवार खर्ची पडले होते. डावीकडच्या अरुंद कॉलममध्ये कौशल्ये आणि छंद, उजवीकडच्या रुंद कॉलममध्ये नोकऱ्या, वर हेडरमध्ये नाव आणि फोन, असा तो आटोपशीर दोन कॉलमी संसार होता. यंत्राला त्याचे काय! ते डावीकडून ओळ वाचू लागले की मधली मोकळी जागा ओलांडून थेट उजव्या कडेलाच टेकते, आणि हेडरकडे तर ढुंकूनही पाहत नाही.

आयुष्यभर टाइपरायटर बडवलेले माझे काका एवढ्यात मागे येऊन उभे राहिले आणि चष्मा सारखा करून फॉर्म मोठ्याने वाचू लागले.

"पोहणे वरिष्ठ लेखापाल," त्यांनी सावकाश वाचले. "बढती कधी मिळाली गं? बोलली नाहीस."

"काका, पोहणे हा छंद आहे. तो शेजारच्या कॉलममधून आलाय."

"असं होय. मला वाटलं, कनिष्ठांना पोहण्याची अट नसेल." पुन्हा दोन ओळी झाल्या. "आणि हा 'नान्स' विभाग कुठला?"

लहान लिपीतली एफ आणि आय ही अक्षरे काही फॉन्ट एकाच आकृतीत जोडून टाकतात, ती आकृती यंत्राला ओळखता आली नाही, म्हणून त्याने ती गाळली आणि फायनान्सचे डोके उडून नुसते नान्स उरले, हे मी त्यांना शक्य तितक्या शांतपणे समजावून सांगितले.

"म्हणजे आपल्या जोडाक्षरासारखंच की."

"तसंच."

"मग जोडाक्षर न वाचता येणाऱ्याला माणसं निवडायला कोणी बसवलं?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि काका थांबणार नव्हते. "फोन 20142019. हा नवा नंबर का?"

"तो माझ्या जुन्या नोकरीचा काळ आहे, काका. 2014 ते 2019."

"ते ठीक आहे, पण लागतो का?"

न्यायाने बोलायचे तर सगळा दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही. अडोबीने 1993 मध्ये पीडीएफ आणली ती पान कुठल्याही संगणकावर जसेच्या तसे दिसावे म्हणून. कोणते अक्षर पानावर नेमके कुठे बसते ते ती चोख सांगते, पण ते कोणत्या परिच्छेदाचे, कोणत्या कॉलमचे, हे सांगायला ती बांधील नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो. ठीक आहे. पण 2008 मध्ये ती आयएसओचे प्रमाणसुद्धा झाली. एवढ्या वर्षांनंतर 'फाइल पीडीएफच असावी' असे लाल अक्षरांत बजावणाऱ्याने ती वाचायला शिकू नये? लिओनार्दो दा विंचीने 1482 च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे नोकरी मागताना पूल, तोफा, भुयारे असे सारे कसब एकाखाली एक मुद्द्यांत मांडले आणि चित्रकला शेवटी उल्लेखापुरती ठेवली. त्याला एका कॉलमचे शहाणपण होते. मला नव्हते.

मग मी रकाने पुसले आणि जे त्या फाइलमध्ये धडधडीत लिहिलेले होते तेच सगळे पुन्हा हाताने भरत बसले. हेच करायचे होते तर फाइल मागितली कशाला? 'मार्च 2019' चालेना, '3/2019' चालेना, '03/2019' म्हटल्यावर स्वारी राजी झाली. तिसऱ्या पानावर 'तुमची वेळ संपली' म्हणून त्याने मला बाहेर काढले आणि मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. गेल्या चार महिन्यांत मी तेवीस अर्ज केले. त्यांतल्या एकोणिसांना 'नाही' एवढी दोन अक्षरेसुद्धा कोणी कळवली नाहीत, आणि माझ्या एका शून्यासाठी मात्र हे अडून बसतात. जाहिरातीत उमेदवाराकडून 'बारकाव्यांकडे लक्ष' अपेक्षित होते.

पावणेबाराला अर्ज गेला. 'अनुभव' पुसून आडनाव परत घेतले होते, पोहणे छंदांत गेले होते, फायनान्सला डोके फुटले होते. पोच म्हणून आलेली प्रत काकांनी वरपासून वाचायला घेतली आणि तिसऱ्याच ओळीवर त्यांचे बोट थांबले. एका शून्यासाठी रुसलेल्या त्या फॉर्मने आठ आकड्यांचा फोन विनातक्रार ठेवून घेतला होता.

काकांनी काही न बोलता स्वतःचा मोबाइल काढला, एकेक आकडा दाबून 20142019 लावला आणि बराच वेळ कानाशी धरला.

"नाही लागत गं," ते म्हणाले.