हिचं नाव काय?

आज सकाळी उठल्या उठल्या मोबाईल हातात घेतला आणि डोकंच फिरलं. आमच्या गेमिंगच्या ग्रुपवर एकाने सायबरपंक २०७७ मधला फोटो टाकलाय, तो क्रोमँटिकोरचा पोस्टर, ज्यांनी गेम खेळलाय त्यांना नावावरूनच कळलं असेल कुठला ते, आणि खाली हसून हसून रडणाऱ्या इमोजींची रांग. त्याखाली अजून दहा-पंधरा जणांच्या तशाच रांगा. एकाने लिहिलंय, गेममधली सगळ्यात भारी गोष्ट. मी रिप्लाय टाईप केला, खोडला, परत टाईप केला, परत खोडला. तिथे भांडायची ताकद नाही राहिली आता माझ्यात. म्हणून इथे लिहितोय. इथे सगळी आपली माणसं आहेत, ट्रान्स माणसं पण माणसंच असतात इथपासून सुरुवात करावी लागणार नाही.

गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाईट सिटी नावाचं शहर आहे, काळ २०७७ चा, मोठमोठ्या कंपन्यांचं राज्य आणि जिकडे बघाल तिकडे जाहिराती. त्यातली एक जाहिरात क्रोमँटिकोर नावाच्या कोल्ड्रिंकची आहे. अंगाला घट्ट चिकटलेला लिओटार्ड घातलेली एक बाई, आणि त्या कपड्यातून ताठरलेलं लिंग दिसतंय, तेही मुद्दाम मोठं करून, नजर दुसरीकडे जाऊच नये असं. वर लिहिलंय मिक्स इट अप. आणि सोळा फ्लेवर्स, तुम्हाला मिसळायला आवडतील असे. म्हणजे जोक कशावर आहे ते सांगायलाच नको. कोल्ड्रिंकवर नाहीये तो.

आता जे सांगतोय ते मी फार कुणाला सांगितलेलं नाही. ताईला विचारून लिहितोय, तिने आधी वाचलंय, दोन वाक्यं काढायला लावली ती काढलीत.

माझ्या ताईला मी वीस वर्षं दादा म्हणायचो. मग एकदा फोनवर ती बोलता बोलता म्हणाली, "मी उद्या येते." येतो नाही, येते. मी काहीच बोललो नाही, म्हटलं ये. फोन ठेवल्यावर कळलं की केवढं मोठं काहीतरी झालंय. आपल्या भाषेत लपायला जागाच नाही ना, उठलो की उठले, जेवलो की जेवले, तोंड उघडलं की ठरवावंच लागतं. तिने तो एक "येते" म्हणायच्या आधी किती वर्षं तोंड मिटून काढली असतील याचा विचार मी तेव्हा पहिल्यांदा केला, आणि मला तेव्हा कसं वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तर गेम आला १० डिसेंबर २०२० ला. ताई कित्येक महिने वाट बघत होती. तिने कुठेतरी वाचलं होतं की यात आपलं पात्र बनवताना स्त्री की पुरुष असं विचारतच नाहीत, शरीर वेगळं निवडायचं, आवाज वेगळा निवडायचा, कपड्यांच्या आतलं काय ते पण वेगळं निवडायचं. तिला हे इतकं भारी वाटलं होतं की ती सुट्टी काढून माझ्याकडे आली, माझ्या पीसीवर खेळायला. आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि पहिली संध्याकाळ तिने नुसती व्ही, म्हणजे गेममधलं आपलं पात्र, बनवण्यात घालवली. भुवया, नाक, जबडा, केस. मी कंटाळलो, ती नाही कंटाळली. शरीर बाईचं घेतलं आणि आवाज घेतला तो जड, पुरुषाचा. कारण ताईचा आवाज तसाच आहे. तिला तिचाच आवाज हवा होता.

आणि गेम सुरू झाल्यावर लोक तिच्या व्हीला पुरुष समजून बोलायला लागले. कारण सर्वनाम आवाजाला बांधलेलं आहे. आवाज जड तर तुम्ही पुरुष, संपला विषय, समोर आरशात कोणी का दिसेना. ताई काही बोलली नाही, मेनूत परत गेली, पहिल्यापासून सुरू केलं आणि या वेळी पातळ आवाज घेतला. नुसतं एवढंच म्हणाली, "चल, हा पण बदलू." मला तिचं ते वाक्य अजून आठवतं. ज्या गेममध्ये हात कापून तिथे तलवार बसवता येते, मेलेल्या माणसाचा जीव चिपमध्ये भरून दुसऱ्याच्या डोक्यात घालता येतो, त्या गेमला जड आवाजाची बाई झेपली नाही.

मग आम्ही रस्त्यावर उतरलो आणि थोड्याच वेळात तो पोस्टर समोर आला. ताई थांबली. नुसती उभी राहिली त्याच्यासमोर, व्हीला हलवेनाच. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "हिचं नाव काय रे?"

मी म्हटलं अगं जाहिरात आहे ती, नाव कसलं. तर म्हणाली, "नाही, पण ही कोण आहे? राहते कुठे? शोध ना, गेममध्ये भेटत असेल कुठेतरी."

मी शोधलं. खरंच शोधलं, त्या रात्री ती झोपल्यावर. नाही भेटत. ती कोणीच नाहीये. तिला नाव नाही, घर नाही, तिच्या तोंडी एक वाक्य नाही. ती फक्त भिंतीवर आहे.

आता तुम्ही म्हणाल की तो तर टीका करायचा प्रयत्न होता. माहितीये मला. जून २०१९ मध्ये ई-थ्री या गेम्सच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी तो पोस्टर पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि गदारोळ झाला, तेव्हा आर्ट डायरेक्टर कासिया रेडेशूक यांनी पॉलिगॉन या गेमिंग वेबसाइटला मुलाखत देऊन हेच सांगितलं होतं, की या जगात कंपन्या माणसांची शरीरं माल विकायला वापरतात आणि ते किती वाईट आहे हेच दाखवायचंय. बाईंच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मनापासून बोलल्या असतील. पण तो पोस्टर जगाने पाहिला कुठे, तर ग्राफिक्स कार्डवर रे ट्रेसिंग, म्हणजे खऱ्यासारखा प्रकाश दाखवायचं तंत्र, किती छान दिसतं ते दाखवायला कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाकडून जे स्क्रीनशॉट आले त्यात! म्हणजे गेममधली खोटी कंपनी त्या बाईचं शरीर दाखवून कोल्ड्रिंक विकते ते वाईट, आणि खऱ्या जगात तीच बाई दाखवून कार्ड विकलं जातं, गेमच्या प्री-ऑर्डर होतात, ती मात्र टीका? हे मला गेली इतकी वर्षं कुणीतरी समजावून सांगा असं वाटतंय आणि कुणी सांगत नाही.

आणि एकच चूक झाली असती तर मी गप्प बसलो असतो. ऑगस्ट २०१८ मध्ये याच गेमच्या अधिकृत अकाऊंटवरून तो घाणेरडा जोक झाला होता, तुम्ही त्यांचं जेंडर गृहीत धरलंत का वगैरे, तो घिसापिटा, ट्रान्स लोकांना चिडवायला वापरतात तो. माफी मागितली. दोनच महिन्यांनी ऑक्टोबरमध्ये गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीच्याच जीओजी या ऑनलाइन गेम्सच्या दुकानाने "वोन्ट बी इरेझ्ड" हा हॅशटॅग जुने गेम्स विकायला वापरला. तो हॅशटॅग अमेरिकेतल्या ट्रान्स लोकांनी सुरू केला होता, सरकार आपलं अस्तित्वच कागदावरून पुसायला निघालंय या भीतीतून. त्या भीतीवर जुन्या गेम्सची जाहिरात! परत डिलीट, परत माफी. आणि पुढच्या वर्षी हा पोस्टर. तीन वेळा त्याच ठिकाणी पाय पडतो तेव्हा ज्याच्या पायावर पडला त्याने ओरडायचं नाही का?

बरं, मान्य, नाईट सिटीत सगळ्याच जाहिराती अश्लील आहेत. बायका, पुरुष, कुणालाच सोडलेलं नाही. हे खरं आहे आणि मला ते मान्य करावं लागतं. पण बाकीच्यांची शरीरं भिंतीवरून खाली उतरून रस्त्यावर पण चालतात ना! पुरुष पोलीस आहे, गुंड आहे, डॉक्टर आहे, मित्र आहे. बाई गाडी चालवते, दारू विकते, बंदूक चालवते, प्रेमात पडते. त्यामुळे भिंतीवरचा पुरुष म्हणजेच पुरुष असं कुणाला वाटत नाही. ताईसारख्या बाईला मात्र त्या अख्ख्या शहरात तोंड वर केलं की तोच पोस्टर, पुढच्या गल्लीत परत तोच.

आणि अजून एक, हे मला लिहिता लिहिता सुचतंय. ज्या जगात माणूस सकाळी नवीन डोळे बसवून संध्याकाळी नवीन पाय घेऊन येतो, तिथे या बाईचं शरीर बघून कुणाला कशाला धक्का बसेल? नाईट सिटीच्या माणसाला तर काहीच वाटायला नको. मग तो धक्का, ते हसू कुणासाठी ठेवलंय? माझ्या ग्रुपवरच्या त्या पंधरा जणांसाठी. २०७७ मधल्या गिऱ्हाइकासाठी ती जाहिरात बनलेलीच नाही. हे जग माईक पॉण्डस्मिथनी १९८८ मध्ये कागदावरच्या रोलप्लेइंग गेमसाठी उभं केलं तेव्हापासून त्यात हाच प्रश्न आहे की शरीर कुणाच्या मालकीचं, माझ्या की कंपनीच्या. आणि तो प्रश्न ज्या माणसांनी रोज जगून बघितलाय त्यांच्या वाट्याला काय आलं, तर कोल्ड्रिंकचा पोस्टर. ताईने स्वतःच्या शरीरासाठी किती फॉर्म भरलेत, किती जणांसमोर मी मीच आहे हे सिद्ध करत बसलीये, तिच्याएवढा सायबरपंक माणूस मला माहीत नाही.

मला राग येतोय खरंच. त्याच डिसेंबरमध्ये गेम कन्सोलवर धड चालत नव्हता तर जगभर केवढी बोंबाबोंब झाली आठवतंय का? १८ डिसेंबरला सोनीने आपल्या स्टोअरमधून गेम काढून टाकला, लोकांना पैसे परत दिले, तो परत यायला २०२१ चा जून उजाडला. गाडी हवेत उडाली, माणूस भिंतीत अडकला, यासाठी तुम्ही महिनोन्‌महिने लिहिलंत. तुमचा अपेक्षाभंग झाला होता, तुम्हाला राग यायचा हक्क होता. आणि ताईचा अपेक्षाभंग झाला तर ती सेन्सिटिव्ह. तिने मजेत खेळावं, एवढं काय मनावर घ्यायचं. का नाही घ्यायचं? तुम्ही घेतलंत ना!

थोडं पाणी पिऊन आलो.

क्लेअरबद्दल नाही लिहिलं तर कमेंटमध्ये येईलच, म्हणून लिहितो. हो, क्लेअर आहे. आफ्टरलाइफ बारमधली बारटेंडर, ट्रान्स बाई आहे, तिच्या ट्रकवर मागे ट्रान्स झेंडा लावलेला आहे. तिला आवाज दिलाय मॅडी टेलर यांनी, त्या स्वतः ट्रान्स आहेत. क्लेअर रेसिंग करते, तिचा नवरा डीन रेसमध्ये मारला गेला आणि त्याचा हिशोब तिला चुकता करायचाय. आणि मी कबूल करतो, ते चांगलं लिहिलंय. फार चांगलं लिहिलंय. तिच्या गोष्टीत ती ट्रान्स आहे हा मुद्दाच नाही, मुद्दा तिचं दुःख आहे आणि तिचा सूड आहे. मी एकटा खेळताना तिच्या शेजारी ट्रकमध्ये बसलो तेव्हा गळा दाटून आला होता माझा, कारण पहिला विचार हाच आला की ही ताईला भेटायला हवी होती.

पण ताई तिच्यापर्यंत पोचलीच नाही. पोस्टरसमोर नाव विचारून झाल्यावर ती अजून तासभर खेळली असेल. मग मी, मूर्खासारखा, तिला सांगून बसलो की पुढे ज्युडी म्हणून एक मुलगी आहे, मस्त आहे, तुला आवडेल. आणि मग बघितलं तर ज्युडीशी जुळायला शरीरही बाईचं लागतं आणि आवाजही बाईचा. म्हणजे पहिल्या संध्याकाळी तिने जी व्ही बनवली होती, तिची खरी व्ही, तिच्याकडे ज्युडीने कधी बघितलंच नसतं. ताई हसली थोडी. म्हणाली, "इथे पण?" आणि सेव्ह करून उठली. परत नाही बसली.

हे "इथे पण" मी विसरू शकत नाही. बाहेर तिला सवय आहे. बाहेर ती तयारीनेच जाते. इथे तिने तयारी केली नव्हती, इथे ती सुट्टी काढून आली होती.

आणि हो, गेम बनवणाऱ्या शेकडो लोकांमध्ये चांगली माणसं असणार, ज्याने क्लेअर लिहिली तो पण त्याच ऑफिसात बसत असणार. ठीक आहे. आता दुसऱ्या भागाचं काम चालू आहे म्हणतात, बघू.

सकाळच्या त्या फोटोकडे परत येतो. ज्याने टाकला तो वाईट मुलगा नाहीये, उलट अडीअडचणीला पहिला धावून येणारा आहे. त्याला हे माहीत नाही की त्या ग्रुपात ताई पण आहे. दुसऱ्याच नावाने आहे, कधी बोलत नाही, नुसती वाचते. त्यामुळे माझी सकाळपासून हिंमत होत नव्हती तिला फोन करायची. दुपारी तिचाच आला.

मी म्हटलं, तू बघितलंस का ग्रुपवर? म्हणाली, बघितलं, त्या इमोजी मोजत बसू नकोस तू आता. मी म्हटलं, मी लिहिणारे यावर, तुझी गोष्ट लिहू का? थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "लिही, पण आधी मला दाखव." आणि मग एकदम, "ती ट्रकवाली तू म्हणाला होतास ना, ती भेटायला किती खेळावं लागतं?"

मी सांगितलं की बारमध्ये ती तशी लवकरच दिसते, रेस बऱ्याच नंतर येतात.

"मग माझं जुनं सेव्ह आहे का अजून तुझ्याकडे, की उडवलंस?"

आहे. मधे पीसी बदलला, हार्ड डिस्क बदलली, प्रत्येक वेळी ते पहिलं कॉपी केलंय. एक नाही, दोन आहेत. पातळ आवाजाचं पण आहे आणि पहिल्या संध्याकाळचं पण आहे. तिला म्हटलं, कुठलं लावू?

शनिवारी येते म्हणाली, आल्यावर ठरवू.